सरफोजीराजे भोसले : राज्य गेलेल्या राजाने राखलेले दप्तर

तंजावूरच्या राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल हे ग्रंथालय आहे. ४०,०००हून अधिक हस्तलिखिते, त्यांत ३,०००हून अधिक मराठी पोथ्या आणि मोडी लिपीतील राजदप्तराचे १,३००हून अधिक गठ्ठे असा हा संग्रह आहे. महाराष्ट्राबाहेर मराठीचा एवढा मोठा लेखी ठेवा एका जागी क्वचितच पाहावयास मिळेल. ज्यांचे नाव या ग्रंथालयाला देण्यात आले आहे, ते सरफोजीराजे भोसले (दुसरे) १७९८ मध्ये गादीवर आले आणि १८३२ मध्ये निवर्तले. राज्याचा प्रत्यक्ष कारभार त्यांच्या हाती जेमतेम सोळा महिने होता. उरलेली सुमारे बत्तीस वर्षे त्यांनी विद्येच्या आणि ग्रंथसंग्रहाच्या कामी वेचली. राज्य गेले, पण दप्तर राहिले. ते दप्तर वाचणाऱ्यांची वाट पाहत आहे, म्हणून या राजाचे चरित्र आजही महत्त्वाचे ठरते.

कावेरीकाठचे मराठी राज्य

शहाजीराजांचे पुत्र आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५च्या सुमारास तंजावूर जिंकून तेथे भोसले घराण्याची गादी स्थापन केली. त्यापूर्वी तेथे नायक राजांची सत्ता होती. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा पायाही नायकांच्याच काळात घातला गेला होता. मराठी राजांनी तो मोडला नाही, वाढविला. तेलुगू आणि तामीळ ग्रंथांच्या शेजारी संस्कृत व मराठी पोथ्या येऊन बसल्या. एकोजींचे पुत्र शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) स्वतः नाटककार होते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे सीतास्वयंवराचा प्रयोग केला, तेव्हापासून मराठी रंगभूमीचा आरंभ मानण्याची प्रथा होती. तंजावूरच्या पोथ्यांतील मराठी नाटके उजेडात आल्यावर या इतिहासाची सुरुवात दीडशे वर्षे मागे नेऊन पाहावी लागली. एका संग्रहातील काही पोथ्या नीट वाचल्या गेल्या, तर एखाद्या भाषेच्या वाङ्मयाचा इतिहास कसा बदलतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

दत्तकविधानाचा वाद

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले घराण्याच्याच एका शाखेत झाला. तंजावूरचे राजे तुळजाजी (दुसरे) यांना वारस उरला नव्हता. १७८७च्या प्रारंभी, मृत्यूच्या काही दिवस आधी, त्यांनी नऊ वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले आणि तंजावुरात वास्तव्य करणारे जर्मन धर्मोपदेशक ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांना मुलाचा सांभाळ करण्याची विनंती केली.

तुळजाजींच्या निधनानंतर त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी गादीवर हक्क सांगितला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सरकारने दत्तकविधान शास्त्रसंमत आहे काय, असा प्रश्न पंडितांपुढे ठेवला. दत्तक घेतेवेळी राजाचे मन ठिकाणावर होते काय, मुलाचे वय दत्तकविधानाला योग्य होते काय, आणि एकुलता एक मुलगा दत्तक देता येतो काय, असे आक्षेप निघाले. पंडितांचे मत विरुद्ध गेले आणि अमरसिंह राजे झाले.

पुढची वर्षे सरफोजींसाठी कठीण गेली. त्यांना वाड्यात जवळजवळ बंदिवासात ठेवण्यात आले आणि शिक्षणाचीही आबाळ झाली. श्वार्ट्झ यांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रारी केल्या. अखेर १७९३ मध्ये सरफोजींना आणि तुळजाजींच्या राण्यांना मद्रासला हलविण्यात आले. तेथे श्वार्ट्झ यांचे सहकारी गेरिके यांच्या देखरेखीखाली सरफोजींचे इंग्रजी शिक्षण झाले. दरम्यान दत्तकाचा प्रश्न पुन्हा उघडला गेला. पहिली मते दडपणाखाली आणि लाचेने मिळविली असल्याचा संशय बळावला होता. बंगाल व काशी येथील पंडितांची मते मागविण्यात आली आणि ती सरफोजींच्या बाजूने पडली. तीच शास्त्रवचने आणि तीच घटना यांविषयी दोन वेळा दोन भिन्न लेखी निर्णय आले. लेख कोणी लिहिला, कोणाच्या सांगण्यावरून लिहिला आणि केव्हा लिहिला हे न पाहता त्यावर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे सरफोजींनी बालपणीच अनुभवले.

सोळा महिन्यांचे राज्य

फेब्रुवारी १७९८ मध्ये श्वार्ट्झ यांचे निधन झाले. ज्या मुलासाठी त्यांनी दहा वर्षे खटपट केली, तो गादीवर बसलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्याच वर्षी जून महिन्यात सरफोजींचे राज्यारोहण झाले. त्या वेळी त्यांचे वय वीस वर्षांचे होते. श्वार्ट्झ यांच्या स्मरणार्थ त्यांनी इंग्लंडमधील विख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. मृत्युशय्येवरील गुरू आणि शेजारी उभा असलेला राजा हे त्या शिल्पातील दृश्य तंजावूरच्या चर्चमध्ये आजही पाहता येते.

गादी मिळाली, परंतु तिची किंमतही मोजावी लागली. २५ ऑक्टोबर १७९९च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. तंजावूरचा किल्ला आणि त्यालगतचा थोडा परिसर एवढाच राजांच्या अखत्यारीत उरला. वर्षाला एक लाख पगोडे आणि महसुलाच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा अशी त्यांची नेमणूक ठरली. सैन्य, न्याय आणि वसुली यांतून राजे मुक्त झाले. त्या काळी अशा स्थितीतील अनेक संस्थानिकांनी चैनीत दिवस काढले. सरफोजींनी आपल्या नेमणुकीचा मोठा भाग ग्रंथ, शाळा, औषधालये आणि अन्नछत्रे यांवर खर्च केला.

अन्नछत्रांविषयीची त्यांची तळमळ एका पत्रातून दिसते. १८०१ मध्ये त्यांनी कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना लिहिलेल्या पत्रात रामेश्वरच्या वाटेवरील छत्रांचा तपशील दिला आहे. वाटसरूला जेवण कसे मिळते, आजारी यात्रेकरूची शुश्रूषा कशी होते, पोरक्या मुलांचा सांभाळ आणि शिक्षण कसे चालते, हे सारे त्यात नमूद आहे. राज्य सोडताना ही छत्रे तरी आपल्याकडे राहावीत, असा त्यांचा आग्रह होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेतील लोकजीवन आणि शिक्षण कसे होते, हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्या अभ्यासकांना हे पत्र फार मोलाचे वाटत आले आहे.

ग्रंथांचा संसार

सरफोजींना संस्कृत, मराठी, तामीळ, तेलुगू आणि इंग्रजी या भाषा अवगत होत्या. इतर युरोपीय भाषांचाही त्यांना परिचय होता. युरोपातून मागविलेले ४,०००हून अधिक ग्रंथ त्यांनी जमविले आणि त्यांतील अनेकांवर स्वतःची इंग्रजी स्वाक्षरी केली. १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावुरास आले, तेव्हा लिनियस, बुफाँ आणि लाव्हॉझिये यांच्या शास्त्रांवर सहज बोलणारा हा राजा पाहून ते चकित झाले होते.

नवविद्याकलानिधी या नावाने त्यांनी शाळा चालविली. त्याच सुमारास राजवाड्यात देवनागरी मुद्रणालय उभे राहिले. सख्खण पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापच्या नीतिकथांचे बालबोध मुक्तावली हे पुस्तक याच मुद्रणालयात छापले गेले. पुण्यात पेशवाई अद्याप नांदत होती, त्या काळात कावेरीकाठी मराठी मुलांसाठी छापील पुस्तक तयार होत होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जगाचा भूगोल लोकांना नृत्यनाट्यातून कळावा, या हेतूने स्वतः राजांनी देवेंद्र कुरवंजी हे मराठी काव्यनाट्य रचले.

धन्वंतरी महाल या त्यांच्या औषधालयात देशी आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही पद्धतींच्या वैद्यांनी काम केले. तेथील नेत्ररुग्णांच्या नोंदी, रुग्णांच्या डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत. रोग्याच्या तक्रारीपासून उपचाराच्या परिणामापर्यंत क्रमवार टिपण ठेवण्याची ही शिस्त राजवाड्यातील इतर दप्तरांतही आढळते. धान्य, दागिने, दाने, वेतन, सण, यात्रा या सर्वांचे हिशेब मोडीत लिहिले जात आणि बांधून ठेवले जात. अधिकार संपला तरी लिहून ठेवण्याची शिस्त संपली नाही.

भिंतीवरचा इतिहास

तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिरात, चोळ राजांच्या तामीळ शिलालेखांच्या सान्निध्यात, प्राकाराच्या नैऋत्य भागातील भिंतीवर देवनागरी अक्षरांत कोरलेला एक विस्तीर्ण मराठी लेख आहे. सरफोजीराजांच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणीस यांनी १८०३ मध्ये तो सिद्ध केला. भोसले वंशचरित्र या नावाने तो ओळखला जातो आणि देशातील सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. मालोजी, शहाजी, शिवाजी महाराज आणि एकोजी यांच्यापासून सरफोजींपर्यंतची हकिकत त्यात आली आहे.

कंपनीने राज्य घेतल्यानंतर अवघ्या चार वर्षांत हा लेख कोरला गेला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. दत्तक म्हणून ज्याच्या हक्काबद्दल शंका घेतली गेली, त्या राजाने आपली वंशावळ पाषाणावर लिहविली. यातच या लेखाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दोन्ही दडलेली आहेत. १८०३ मध्ये तंजावूरचा दरबार स्वतःकडे कसा पाहत होता, याचा हा अस्सल पुरावा होय. परंतु एकोजींच्या स्वारीसारख्या सव्वाशे वर्षांपूर्वीच्या घटनांसाठी मात्र तो मागाहून लिहिलेली बखर ठरतो आणि त्यातील मिती व नावे समकालीन कागदांशी ताडून पाहावी लागतात. दगडावर कोरलेले असले, तरी समकालीन आणि उत्तरकालीन हा भेद सुटत नाही.

काशीयात्रा

१८२० मध्ये राजे सुमारे तीन हजार लोकांच्या लवाजम्यासह काशीयात्रेस निघाले आणि १८२२ मध्ये परतले. गंगेच्या घाटांची चित्रे, यात्रेची वर्णने आणि पुष्कळशी हस्तलिखिते त्यांनी सोबत आणली. सतराव्या शतकातील काशीचे थोर विद्वान कवींद्राचार्य सरस्वती यांच्या संग्रहातील पोथ्याही तंजावुरास पोहोचल्या. मूळ पोथी मिळाली नाही, तेथे पंडितांकडून नकला करवून घेतल्या गेल्या. नक्कल करणारा लेखनिक, ती तपासणारा पंडित आणि पोथी सांभाळणारा भांडारी अशी माणसे या संग्रहाच्या पाठीशी उभी होती. त्यांतील बहुतेकांची नावे आज सर्वसामान्य वाचकाला ठाऊक नाहीत.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजांचे निधन झाले. त्यांच्यामागून त्यांचे पुत्र शिवाजीराजे गादीवर आले. १८५५ मध्ये तेही पुत्राविना वारले.

राज्य खालसा, दप्तर शिल्लक

पुरुष वारस नाही, या कारणावरून कंपनीने तंजावूरचे संस्थान खालसा केले आणि राजवाड्यातील मालमत्तेचाही ताबा घेतला. राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी न्यायालयात दाद मागितली. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हे सरकारचे राजकीय कृत्य असून न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय दिला. पुढे सरकारने खाजगी मालमत्ता राजकुटुंबाला परत केली. या धामधुमीत ग्रंथसंग्रह विखुरला गेला नाही, हे मराठी भाषेचे भाग्यच म्हणावयाचे.

तंजावूरचे न्यायाधीश आर्थर बर्नेल यांनी संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची तयार केली. ती १८८०च्या सुमारास प्रसिद्ध झाली आणि विद्वानांचे लक्ष या संग्रहाकडे वळले. १९१८ मध्ये ग्रंथालय सार्वजनिक झाले. १९८३ मध्ये भारत सरकारने त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला.

महाराष्ट्रातील संशोधकांनाही तंजावूरने भरभरून दिले. कवींद्र परमानंद यांनी शिवाजी महाराजांच्या हयातीत रचलेल्या शिवभारत या संस्कृत काव्याची पोथी सदाशिव महादेव दिवेकर यांना याच संग्रहात सापडली. १९२७ मध्ये ते काव्य छापून प्रसिद्ध झाले. शिवचरित्राचे एक समकालीन साधन सह्याद्रीपासून शेकडो मैल दूर, कावेरीच्या काठी सुरक्षित राहिले होते.

मोडी वाचणाऱ्याची वाट

पोथ्यांचे असे संशोधन झाले, परंतु मोडी दप्तराची गोष्ट वेगळी आहे. पोथी बहुधा बाळबोध किंवा अन्य परिचित लिपीत असते आणि तिला आरंभ, शेवट व विषय असतो. दप्तरातील कागद सुटा असतो. तो कोणी, कोणाला, कशासाठी लिहिला हे वाचणाऱ्यालाच शोधून काढावे लागते.

मोडीत लेखनिक प्रथम कागदावर आडवी रेघ ओढतो आणि तिच्याखाली न थांबता अक्षरे लिहीत जातो. दोन शब्दांत अंतर नसते, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. र सारखे अक्षर शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलते. नेहमीचे शब्द पहिल्या एक-दोन अक्षरांवरच आटोपले जातात. म्हणून नुसती मुळाक्षरे पाठ करून भागत नाही. एकाच लेखनिकाच्या हातचे बरेच कागद पाहून त्याचे वळण डोळ्यांत बसावे लागते. मायने, पावत्या, याद्या यांचे ठराविक साचे ओळखता आले, की अर्धे वाचन सुकर होते.

कालगणना ही दुसरी पायरी. मोडी कागदांत शक, फसली, शुहूर असे निरनिराळे सन येतात. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, पण पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या बहुतेक तारखांना ७९ मिळवावे लागतात. सरफोजीराजांचे निधन शके १७५३ मध्ये, वर्ष संपता संपता झाले. नेहमीच्या सवयीने ७८ मिळविले, तर राजे एक वर्ष आधीच वारले असे ठरेल. दक्षिणेतील फसली सनात ५९० किंवा ५९१ आणि शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात.

तिसरी पायरी लिप्यंतराची. कागदातील मजकूर ओळीला ओळ ठेवून उतरवावयाचा, मूळची अशुद्धे सुधारावयाची नाहीत, फाटलेली किंवा कसरीने खाल्लेली अक्षरे रिकामी दाखवावयाची आणि अनुमानाने भरलेले अक्षर कंसात ठेवावयाचे, हा संशोधकांचा दंडक आहे. गठ्ठ्याचा आणि कागदाचा क्रमांक न चुकता नोंदवावा लागतो. अन्यथा पुढील अभ्यासकाला तो कागद पुन्हा सापडत नाही आणि मग वाचन तपासण्याची सोयच उरत नाही.

तंजावूरच्या कागदांत याहून एक अवघड वळण आहे, ते शब्दांचे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मुरलेला वाचकही येथे अडखळतो. वेली हा शब्द वाचून त्याच्या डोळ्यांसमोर लता येतील, पण कावेरीखोऱ्यात वेली हे सुमारे साडेसहा एकरांचे जमिनीचे माप आहे. कलम म्हटले की त्याला लेखणी किंवा कायद्यातील तरतूद आठवेल, तेथे ते धान्याचे माप असते. चक्रम आणि पणम ही नाणी होत. मराठी वाक्यात तामीळ आणि तेलुगू शब्द असे सहज मिसळलेले आहेत. दुसरीकडे, तामिळनाडूत आजही घरात तंजावूर-मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. हे शब्द त्यांच्या कानांना परिचित आहेत. परंतु त्यांचे लिहिणे-वाचणे प्रामुख्याने तामीळ लिपीत होते आणि मोडी बहुतेकांच्या हातून सुटली आहे. एकाकडे लिपी आहे, दुसऱ्याकडे शब्द आहेत. हे दोघे एकत्र बसल्याखेरीज या गठ्ठ्यांची गाठ नीटशी सुटणार नाही.

या दिशेने काम झाले आहे, हेही नमूद केले पाहिजे. तंजावूरच्याच तामीळ विद्यापीठाने निवडक मोडी कागद तामीळ भाषांतरासह प्रसिद्ध केले. महाराष्ट्रात राज्य शासनाचे पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ यांसारख्या संस्थांनी मोडीचे वर्ग चालवून नवे वाचक तयार केले आहेत. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाल्याने संगणकावर मोडी अक्षरे लिहिण्याचा मार्ग मोकळा झाला. तरीही कागदाचे आयुष्य मर्यादित असते. शाई फिकी पडते, कडा तुटतात, दमट हवेत कीड लागते. छायाचित्रे घेतल्याने अक्षराचे रूप टिकेल, अर्थ मात्र वाचणाऱ्याच्या डोळ्यांवाचून उमगणार नाही.

सरफोजीराजांचे नाव सांगताना त्यांच्या विद्वत्तेचा आणि दानशूरतेचा गौरव होतो आणि तो यथायोग्यच आहे. परंतु त्यांच्या वाड्यातील कारकुनांनी रोजच्या रोज लिहून ठेवलेली धान्याची मापे, रोग्यांची नावे, छत्रातील पंगतींचे हिशेब, नर्तक-गायकांची वेतने यांतून दोनशे वर्षांपूर्वीचा एक संपूर्ण समाज उभा राहू शकतो. तो समाज मराठीत लिहीत होता आणि तामीळ भूमीत जगत होता. त्याचा इतिहास तंजावुरात गठ्ठ्यांत बांधलेला आहे. त्या गठ्ठ्यांची दोरी सोडण्यासाठी आता राजाश्रयाची गरज उरलेली नाही. मोडीची बाराखडी, थोडी तामीळ आणि पुष्कळ चिकाटी एवढ्या सामग्रीवर कोणाही अभ्यासकाला ते काम आरंभता येईल.